बेंबीचा देठ

मनुष्याच्या शरीरांत बेंबीइतका रिकामटेकडा अवयव दुसरा नसेल. नाक निदान सर्दीच्या दिवसांत तरी आपलें अस्तित्व जाणवून देतें. कानाची किंमत बहिऱ्याला कळते. शेंडी राखणाऱ्याला शेंडीचासुद्धां कांहीं अभिमान असतो. पण बेंबी? जन्माच्या क्षणींच तिचें काम संपतें, आणि पुढें साठ-सत्तर वर्षें ती निवृत्त झालेल्या मामलेदारासारखी पोटाच्या मध्यभागीं नुसती बसून असते. आश्चर्य एवढेंच कीं, या निरुद्योगी अवयवाला आपल्या भाषेनें आणि पुराणांनीं मोठा मान दिला आहे. जिवाच्या आकांतानें ओरडणारा मनुष्य घशापासून ओरडत नाहीं, बेंबीच्या देठापासून ओरडतो. सृष्टि निर्माण करणारा ब्रह्मदेव शेषशायी विष्णूच्या मस्तकांतून किंवा हृदयांतून न निघतां नाभींतून उगवलेल्या कमळावर प्रकट झाला. आणि परदेशीं गेलेला मुलगा आपली बोली विसरला, म्हणजे त्याची मातीशीं असलेली नाळ तुटली, असें आपण अजून म्हणतों.

मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. पंचवीस वर्षें वर्गांत शब्दांचीं मुळें आणि देठ तपाशीत आलों. पण ‘बेंबीचा देठ’ या शब्दांपाशीं मी कधीं थबकलों नव्हतों. तें थबकणें वयाच्या बावन्नाव्या वर्षीं नशिबीं आलें, आणि त्यानंतर मात्र पांच महिने मीं एका बेंबीवांचून दुसऱ्या कशाचाहि फारसा विचार केला नाहीं.

आमचें घर फुलचूरला. गोंदियाला लागूनच हें गांव. इतकें लागून कीं, शहर कोठें संपलें आणि गांव कोठें सुरू झालें हें आतां जुन्या माणसांनाच सांगतां येतें. माझ्या लहानपणीं मध्यें धानाच्या बांध्या होत्या. आतां त्यांतल्या पुष्कळशा बांध्यांवर घरें उभीं आहेत, तरी पाऊस लागला कीं उरलेल्या बांध्यांतून रोवणीची गडबड आमच्या गच्चीवरून दिसते. २०१८ च्या मे महिन्यांत माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली, आणि १७ जूनला, मृग लागून दहा दिवस झाले असतांना, गोंदियाच्या एका इस्पितळांत तिला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप घरीं आलीं. नाळेच्या उरलेल्या तुकड्याला प्लॅस्टिकचा चिमटा लावलेला होता. नवव्या दिवशीं तो तुकडा वाळून, काळा पडून, आपोआप गळला. माझी आई त्या वेळीं पंचाहत्तरीच्या घरांत होती. तिनें तो तुकडा उचलला, ती परसांत गेली आणि जुन्या न्हाणीच्या कडेला तिनें तो पुरला. तेथेंच कां, हें मीं विचारलें नाहीं.

बारसें झालें. पाहुणे गेले. आणि पुढच्या आठवड्यांत, बाळाला न्हाऊं घालून पुसतांना, माझ्या पत्नीला बेंबीच्या खळग्यांत डाळिंबाच्या दाण्यासारखें कांहींतरी दिसलें. उपमा माझी नव्हे, तिचीच. पण तीहून चपखल उपमा मला अजून सांपडलेली नाहीं. तोच रंग, तीच चकाकी, तोच ओलसरपणा. बाळ रडलें कीं तो दाणा किंचित् वर येई. बाळाच्या झबल्याला तेथें एक चिकट डाग पडे, आणि कधीं कधीं त्या डागांत रक्ताचा एखादा ठिपका असे.

आम्ही बाळाला डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं शांतपणें सांगितलें कीं, नाळ गळाल्यावर कधीं कधीं असा मांसाचा अंकुर येतो. भिण्याचें कारण नाहीं. त्यांचें म्हणणें सर्वसामान्य बाळांच्या बाबतींत अगदीं खरें आहे. जखम भरतांना वरची कातडी वेळेवर चढली नाहीं, तर आंतलें कोंवळें मांस वाढतें आणि लाल दिसूं लागतें. त्यावर सिल्व्हर नायट्रेटची कांडी फिरवली म्हणजे तें जळतें, आकसतें, आणि कातडी त्याला झांकून टाकते. हें औषध आपल्या ओळखीचें आहे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला जी म्हैसूरची शाई लावतात, तिचा काळेपणा याच क्षाराचा. कांडी फिरवून घरीं आणलेल्या आमच्या नातवाची बेंबी काळी ठिक्कर पडली होती. “मत देऊन आला,” असें मी म्हणालों, आणि घरांत सर्वजण हंसले. पहिल्या आठवड्यांत आम्ही हंसत होतों, हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें.

आठवडाभरानें काळी खपली पडली आणि आंतून दाणा पुन्हां तसाच लाल, तसाच टवटवीत. पुन्हां कांडी. पुन्हां खपली. तिसऱ्या वेळीं डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली, आणि मोठ्या इस्पितळांत एकदां दाखवा, असें ते म्हणाले. त्यांच्या या सल्ल्याकडे तेव्हांच लक्ष दिलें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. पण मुसळधार पाऊस होता, बाळ लहान होतें, प्रवास नको असें सर्वांचें मत पडलें. आणि मुख्य म्हणजे, या प्रकरणाचा छडा आपणच लावूं अशी एक घमेंड माझ्या मनांत शिरली होती.

तोंवर ही वार्ता शेजारीं गेली होती. आपल्या समाजांत आजाऱ्याला औषध सांगण्याचा अधिकार कोणत्याहि परीक्षेवर अवलंबून नाहीं. एकीनें हळद सांगितली, दुसरीनें गोंवरीची राख, तिसरीनें गरम तुपांत कालविलेलें कांहींतरी. एका वयोवृद्ध गृहस्थांनीं घोड्याच्या शेपटीचा केंस आणून दाण्याच्या मुळाशीं करकचून बांधण्यास सांगितलें. चामखीळ अशीच पडते, असा त्यांचा अनुभव होता. या सर्वांना घरांतून निक्षून नकार मिळाला, आणि तो देणारी माझी आई होती. चौथीच्या पुढें न शिकलेली, एकादश्या करणारी, दृष्ट काढणारी माझी आई! “बाबू, बोंबीले काही लावू नोको. कोरडी ठेव,” एवढेंच ती पुन्हां पुन्हां म्हणे. मला तिचें कौतुक वाटलें, आणि वयोमानानें आलेला हा एक हट्ट असावा असेंहि वाटलें.

मी मात्र शिकलेला होतों. महाविद्यालयाच्या ग्रंथालयांतून मीं चरकसंहितेचें भाषांतर आणलें. नाळ बेंबीपासून आठ अंगुलांवर बांधावी, सोन्याच्या, रुप्याच्या किंवा लोखंडाच्या तीक्ष्ण शस्त्रानें कापावी, उरलेल्या टोंकाला दोरा बांधून तो बाळाच्या गळ्यांत सैल अडकवावा, असा तेथें तपशील आहे. बेंबी पिकली तर लोध्र, ज्येष्ठमध, प्रियंगु, देवदार आणि हळद यांनीं सिद्ध केलेलें तेल लावावें असें सांगितलें आहे. आणि त्याच जागीं, नाळ नीट न कापल्यास बेंबीला कोणकोणते विकार जडतात त्यांचीं नांवें दिलीं आहेत. प्राचीन ग्रंथकारांची ही बारीक नजर पाहून मला अभिमान वाटला. परंतु त्याहूनहि अधिक वाटलें तें समाधान. कारण आतां दोष देण्यास कोणी तरी सांपडलें होतें. नाळ नीट कापली नाहीं! चिमटा लावणारी ती तरुण परिचारिका मला आठवली, आणि तिच्यावर मी मनांतल्या मनांत खटलाहि चालविला.

खटला एवढ्यावरच थांबला नाहीं. एका रात्रीं, बाळ किरकिरत असतांना, मी मुलीला म्हणालों, “नाळ गळण्याच्या आधीं तूं तेथें हात तर लावला नव्हतास ना? स्वच्छतेकडे लक्ष होतें ना?” प्रश्न अगदीं साधा होता, असें मी स्वतःला नंतर पुष्कळदां सांगितलें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें बाळाला खांद्यावर घेतलें आणि ती दुसऱ्या खोलींत गेली. बाळंतपणानंतर तिला झोंप अशी नव्हतीच. त्या रात्रीनंतर ती दिवसांतून दहा-दहा वेळां हात धुऊं लागली.

पुढें मीं आणखी वाचलें. अशा अंकुरावर साधें खाण्याचें मीठ लावून तें थोडा वेळ चिकटपट्टीनें झांकून ठेवतात. मीठ आंतलें पाणी शोषून घेतें आणि अंकुर आकसतो. हें खोटें नाहीं. हा उपचार दोन-तीन दिवस करून पाहण्याची पद्धत आहे आणि पुष्कळ बाळांना तो लागू पडतो. पण माझ्यासारख्या मनुष्याला अर्धें ज्ञान मिळालें म्हणजे उरलेलें अर्धें तो उत्साहानें भरून काढतो. मीं आठ दिवस मीठ लावलें. मुलगी बाळाचे दोन्ही हात धरून ठेवी. तोंड मात्र ती भिंतीकडे फिरवी. आई त्या वेळीं खोलींत येत नसे. आठव्या दिवशीं दाण्याभोंवतालची कोंवळी कातडी सोलून निघाली, दाण्यांतून रक्त आलें, आणि बाळ जें रडलें तें खरोखर बेंबीच्या देठापासून रडलें. त्या शब्दप्रयोगाचा अर्थ मला कळला तो असा.

ऑगस्टच्या अखेरीस विहीणबाई भंडाऱ्याहून नातवाला पाहायला आल्या. बाई मनानें वाईट नाहींत. बारशाला त्यांनीं सर्वांचें सर्व हौसेनें केलें होतें. पण बाळाची ती सोललेली बेंबी पाहून त्यांचें मन कळवळलें, आणि कळवळलेल्या मनाला कारण लागतें. “मीं तेव्हांच म्हटलें होतें,” त्या म्हणाल्या, “सूनबाईनें ग्रहण पाळलें नाहीं.” ३१ जानेवारीला, माघी पौर्णिमेच्या संध्याकाळीं, खग्रास चंद्रग्रहण होतें. तें भारतांतून दिसलें. चंद्र तांबडा झालेला पाहावा म्हणून माझी मुलगी गच्चीवर गेली होती. ती विज्ञानाची पदवीधर आहे; तिनें जावयांनाहि वर बोलावून नेलें होतें. जावयांना मात्र ग्रहण लागलें नाहीं.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती लिहितांना लेखणी अडखळते. व्याख्यानांतून अंधश्रद्धेवर तास-तासभर बोलणारा मी त्या क्षणीं गप्प बसलों. मी नुसता गप्प बसलों असतों तर भिडस्तपणाच्या नांवावर तें खपून गेलें असतें; पण मला त्या गप्प बसण्यांत एक प्रकारचें बरें वाटलें. नाळेचा दोष माहेरचा होता, ग्रहणाचा दोष सासरचा. आणि जोंवर चर्चा ग्रहणाची चालली होती, तोंवर मिठाबद्दल कोणी विचारीत नव्हतें. मुलीनें एकदां माझ्याकडे पाहिलें. मीं चहाचा पेला उचलला.

त्या रात्रीं मी ओसरीवर पडलों होतों. पाऊस थांबला होता आणि बांध्यांतून बेडकांचा आवाज येत होता. आंत आई माझ्या मुलीशीं बोलत होती, आणि तें बोलणें माझ्यासाठीं नव्हतें, म्हणूनच मला तें शब्दन् शब्द ऐकूं आलें.

माझ्या आधीं एक भाऊ झाला होता, एवढें मला ठाऊक होतें. तो १९६३ मध्यें, याच घरांत, जुन्या न्हाणीशेजारच्या खोलींत जन्मला. दाईनें विळ्यानें नाळ कापली आणि वर गोंवरीची राख तुपांत कालवून लावली. तेव्हां सर्वत्र तसेंच करीत. मूल चांगलें गुटगुटीत होतें. सातव्या दिवशीं तें दूध ओढीना. “तोंडच उघडे ना पोराचं,” आई म्हणाली. आठव्या दिवशीं अंग धनुष्यासारखें ताठूं लागलें, आणि दहाव्या दिवशीं सर्व संपलें. घरच्यांनीं ठरविलें कीं, हिनें गरोदरपणांत पपई खाल्ली. पुढें पंधरा वर्षांनीं गांवांत लस टोंचायला आलेल्या नर्सबाईनें तिला समजावून सांगितलें कीं, मातींत आणि शेणांत धनुर्वाताचें बीज असतें, आणि तें ओल्या नाळेंतून बाळाच्या अंगांत जातें. “माहा दोष नव्हता, हे मले समजाले पंधरा वर्सं लागले,” आई म्हणाली, “तुले तेवढे नोको लागायले. त्याले नागपूरले ने.”

नवजात बाळांच्या धनुर्वातानें या देशांत किती घरांतून पाळणे रिकामे झाले याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं. गरोदर स्त्रियांना दिलेल्या लसी, स्वच्छ पात्याची आणि स्वच्छ दोऱ्याची संवय, आणि इस्पितळांत होऊं लागलेलीं बाळंतपणें यांच्या योगानें तो हळूहळू हटला. प्रत्येक जिल्ह्यांत हजार जन्मांमागें एकाहूनहि कमी, या कसोटीला उतरून २०१५ मध्यें भारतांतून त्याचें निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें. वर्तमानपत्रांतली ती बातमी मीं वाचली होती. आपल्या परसांत त्या बातमीची एक जागा आहे, हें मला त्या रात्रीं कळलें. मूल गेल्यावरहि आईनें त्याची नाळ जेथें पुरली होती तेथून हलविली नाहीं. आणि पन्नासाहून अधिक वर्षांनीं पणतवाची नाळ तिनें त्याच जागीं नेऊन ठेवली होती.

सप्टेंबरांत आम्ही बाळाला नागपूरला नेलें. रेल्वेनें सव्वाशें-दीडशें किलोमीटरांचें हें अंतर आम्हांला तीन महिने तोडतां आलें नव्हतें. लहान मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या त्या तज्ज्ञांनीं दाणा पाहिला, हलकेच बाजूला करून त्याच्या मध्यावर छिद्र आहे कीं काय तें पाहिलें, आणि दोनच प्रश्न विचारले: बेंबींतून कधीं मळासारखें कांहीं आलें काय? लघवीसारखें पाणी येतें काय? दोन्हींचें उत्तर नाहीं असें होतें. मग पोटाची सोनोग्राफी झाली. ती पाहून झाल्यावर त्यांनीं एक कागद ओढला आणि पेन्सिलीनें चित्र काढलें. अध्यापनाची कला माझी, पण त्या दिवशींचा तास त्यांचा होता.

गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो, ते म्हणाले, तेव्हां त्याच्या पोटासमोर एक पिशवी असते. कोंबडीच्या अंड्यांत पिवळ्या बलकाची जी पिशवी, तिचीच ही बहीण. पिलाला त्या बलकावर वाढावें लागतें. माणसाच्या गर्भाला लवकरच वारेतून पोषण मिळूं लागतें, त्यामुळें त्या पिशवीचें काम थोडक्यांत आटोपतें. ही पिशवी आणि गर्भाचें आतडें यांना जोडणारी एक नळी बेंबीच्या जागेंतून जाते. पांचव्या आठवड्यापासून नवव्या आठवड्यापर्यंत ती अरुंद होत होत अजिबात नाहींशी होते. बहुतेक सर्वांच्या बाबतींत ती जाते. थोड्यांच्या बाबतींत ती जाण्याचें विसरते. सबंध नळी राहिली, तर आतडें बेंबीशीं उघडतें आणि तेथून मळ येतो. आंतलें टोंक राहिलें, तर लहान आतड्याला एक आंधळी पिशवी लोंबत राहते. मेकेल नांवाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें १८०९ मध्यें तिचें मूळ उलगडून दाखविलें, म्हणून ती त्याच्या नांवानें ओळखतात. शंभरांत सुमारें दोन माणसें ही पिशवी पोटांत बाळगून हिंडत असतात आणि बहुतेकांना तिचा पत्ताहि लागत नाहीं. मधला भाग दोरीसारखा राहिला, तर आतड्याला त्या दोरीभोंवतीं पीळ पडण्याची भीति असते. आणि नळी सगळी जाऊन केवळ बाहेरचें टोंक राहिलें, म्हणजे बेंबीच्या खळग्यांत आतड्याच्या अस्तराचा एक लाल मणि दिसतो. हा प्रकार विरळा. मूत्राशयापासून बेंबीकडे येणारी आणखी एक नळी असते आणि तिच्याहि कांहीं खोडी आहेत, पण त्यांचा येथें संबंध नव्हता.

“म्हणजे हा दाणा जखमेचा नव्हेच?” मीं विचारलें. नव्हे, ते म्हणाले. कांडी फिरविल्यानें जें भरून येतें तें कातडी न चढलेलें मांस. हा मणि म्हणजे आतड्याचें अस्तर. त्याला आपल्या ग्रंथी आहेत, त्या रोज आपला चिकट रस स्रवतात, आणि वरचा पापुद्रा जाळला तर खालून नवा येतो. जी जखमच नाहीं ती भरणार कशी? तो काढूनच टाकला पाहिजे. आणि काढतांना त्याच्या मागें एखादी दोरी किंवा पिशवी आंत जाते काय, हें नीट पाहिलें पाहिजे. मला त्या घोड्याच्या केंसाची आठवण झाली. कधीं कधीं अशा लाल मण्याच्या पाठीमागें आतड्याशीं जोडलेला भाग असतो; अशा ठिकाणीं आंधळेपणानें फांस आवळला तर काय होईल, तें डॉक्टरांनीं सांगितलें नाहीं आणि मींहि विचारलें नाहीं.

मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “नाळ कापण्यांत किंवा माझ्या हातून कांहीं चुकलें कां?”

“नाळ कापली त्याच्या सहा-सात महिने आधींच हें ठरून गेलें होतें,” ते म्हणाले. “त्या वेळीं तुम्हांला दिवस गेल्याचें नुकतेंच कळलें असेल.”

मग मीं मिठाची हकीकत सांगितली. ती सांगणें भाग होतें, कारण बाळाच्या पोटावर तिची खूण होती. डॉक्टर रागावले नाहींत. तीन दिवसांत फरक न पडल्यावर थांबावयास हवें होतें, एवढेंच ते म्हणाले, आणि शस्त्रक्रियेपूर्वीं कातडी पूर्ण बरी होऊं द्या असें सांगून त्यांनीं आम्हांला दिवाळीनंतरची तारीख दिली.

परतीच्या गाडींत मीं तिकिटाच्या कागदामागें हिशेब मांडला. १७ जूनला जन्म. अडतीस आठवडे मागें गेलें म्हणजे गर्भधारणा २०१७ च्या सप्टेंबरअखेरीची. पांचवा आठवडा ऑक्टोबरच्या शेवटीं, दिवाळी होऊन गेल्यावर; नववा आठवडा नोव्हेंबरच्या अखेरीस. आणि ग्रहण ३१ जानेवारीचें. ज्या नळीनें नाहींसें व्हावयाचें होतें तिची मुदत संपून दोन महिने झाल्यावर चंद्र तांबडा झाला! एवढा साधा हिशेब करावयाला मला नागपूरपर्यंत जावें लागलें. ऑगस्टच्या त्या संध्याकाळीं तो माझ्यापाशीं नव्हता हें खरें. परंतु गप्प न बसण्यासाठीं हिशेबाची जरुरी नव्हती, हेंहि तितकेंच खरें.

नोव्हेंबरांत शस्त्रक्रिया झाली. धानाची कापणी चालली होती आणि गोंदियाच्या राईस मिलांकडे जाणाऱ्या गाड्यांनीं रस्ते भरले होते. पांच महिन्यांच्या बाळाला भूल द्यावयाची म्हणजे काय, हें बाहेरच्या बांकावर बसल्यावांचून कळत नाहीं. बेंबीच्या घडींतच लहानशी चीर घेऊन डॉक्टरांनीं मणि काढला; मागें दोरी नव्हती, पिशवी नव्हती. तासाभराच्या आंत सर्व आटोपलें आणि दुसऱ्या दिवशीं आम्ही घरीं आलों. आठवड्यानें सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा अहवाल आला. त्यांत लहान आतड्याचें अस्तर असें स्पष्ट लिहिलें होतें. मुलीनें तो कागद आजीला मोठ्यानें वाचून दाखविला, इंग्रजी शब्दांसकट. आईला त्यांतलें कांहीं समजलें असेल असें नाहीं, पण तिनें तो पुन्हां एकदां वाचावयास लावला.

मीं विहीणबाईंना पत्र लिहिलें. दूरध्वनीवर बोलणें सोपें होतें, पण तोंडावर मी एकदां गप्प बसलों होतों. पत्रांत मीं आठवड्यांचा हिशेब दिला, ग्रहणाची तारीख दिली, सुनेचा यांत कांहींहि दोष नाहीं असें स्पष्ट लिहिलें, आणि शेवटीं ‘मीठ लावण्यांत माझी चूक झाली असल्यास क्षमा असावी’ हें वाक्य घातलें. लखोटा बंद करण्यापूर्वीं पत्र मुलीला वाचावयास दिलें. तिनें तें सावकाश वाचलें, माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली, ‘असल्यास’ हा शब्द खोडला आणि पत्र मला परत केलें. पंचवीस वर्षें मी विद्यार्थ्यांच्या निबंधांतले फाजील शब्द खोडीत आलों आहें. मीं तें पत्र पुन्हां नीट लिहून काढलें, आणि तेवढ्या निमित्तानें सप्टेंबरपासून ओठांवर अडलेलें दुसरें वाक्यहि मुलीला तोंडानें सांगितलें. ती म्हणाली, “कागद ओला होईल, बाबा, आधीं लखोट्यांत घाला.”

विहीणबाईंचें उत्तर आलें नाहीं. पंधरा दिवसांनीं जावई आले ते चांदीचा करदोडा घेऊन. आजीनें नातवासाठीं मुद्दाम घडवून घेतला होता. टांके दुखतात काय, एवढेंच त्यांनीं मुलाजवळ विचारून पाठविलें होतें. मुलीनें करदोडा कपाटांत ठेवला. बेंबी पुरती बरी होईपर्यंत बांधावयाचा नाहीं, असें तिनें ठरविलें. संक्रांतीनंतर, सासरीं जाण्याच्या आदल्या दिवशीं, तिनें तो बाहेर काढला. बाळ सात महिन्यांचें झालें होतें आणि एका जागीं ठरत नव्हतें. आई जवळ बसून पाहत होती. मुलीनें मला हांक मारली आणि म्हणाली, “बाबा, जरा त्याचे हात धरा.”

मीं हात धरले.